दोनशें वर्षें पाद्र्यांवांचून
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मग्रामगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासावर मीं बोलावें अशी समितीची इच्छा होती. परंतु तो इतिहास ह्याच स्मरणिकेंत माझ्याहून अधिक जाणत्या मंडळींनीं लिहिला आहे. मंदिराचा पाया कोणीं खणला, घंटेसाठीं वर्गणी कोणीं गोळा केली, हें सांगण्याचा अधिकार ज्यांनीं तें केलें त्यांचा. मी आज तुम्हांला दुसऱ्या एका धर्मग्रामाची हकीकत सांगणार आहें. तो धर्मग्राम जपान देशांत, नागासाकी शहराच्या उत्तरेस असलेल्या उराकामी ह्या खोऱ्यांत आहे. त्या लोकांनीं दोनशें वर्षांहून अधिक काळ मंदिरावांचून, मिस्सेवांचून आणि पाद्र्यांवांचून काढला. धर्मगुरूच्या तोंडून ही गोष्ट ऐकतांना तुम्हांला थोडें हसूं येईल, कारण हिच्यांत धर्मगुरु फारसे येतच नाहींत.

गोष्टीचा पहिला धागा मात्र आपल्या घरचाच आहे. संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचा देह गोमंतकांत जतन केलेला आहे, ते सन १५४९ च्या १५ ऑगस्ट रोजीं, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशीं, जपानच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर सुमारें वीस-पंचवीस वर्षांनीं वसईचा एक मुलगा जेजुइट पाद्र्यांच्या बरोबर त्याच देशांत गेला. तेथील भाषा तो इतकी चांगली शिकला कीं पुढें तिच्याच जोरावर त्यानें व्यापार केला. व्यापारांत पैसा मिळाला, पण समाधान मिळालें नाहीं, म्हणून तो मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघांत शिरला. पाद्री म्हणून नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून. सन १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांचा दुभाषी होऊन तो पुनः जपानांत आला. हाच आपला संत गोन्सालो गार्सिया. सन १५९८ मध्यें मरण पावलेल्या हिदेयोशी नांवाच्या सत्ताधीशानें आपल्या मृत्यूपूर्वी एक वर्ष, ऐन हिंवाळ्यांत, चोवीस जणांच्या कानांच्या पाळ्या छाटून त्यांना क्योतो शहरांतून फिरविलें आणि सुमारें महिनाभर चालवीत नागासाकीस आणलें. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांच्यांतच सामील झाले. सन १५९७ च्या ५ फेब्रुवारीस निशिझाका टेकडीवर हे सव्वीस जण क्रुसांवर दोऱ्यांनीं व लोखंडी कड्यांनीं जखडले गेले आणि भाल्यांनीं भोंसकले गेले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेजुइट आणि सतरा प्रापंचिक होते; आणि त्या सतरांत बारा ते चौदा वर्षांचीं तीन मुलें होतीं.

ह्या सव्वीस जणांचीं चित्रें तुम्हीं पाहिलीं आहेत, त्यांच्या नोव्हेना तुम्ही करितां. त्यांच्याविषयीं मी अधिक बोलणार नाहीं. रक्तसाक्षी झालेल्यांचे सण पाळणें आपल्याला सोपें जातें. मला बोलावयाचें आहे तें टेकडीच्या पायथ्याशीं उभे राहून हें सर्व पाहणाऱ्या लोकांविषयीं, त्यांच्या मुलांविषयीं आणि नातवंडांविषयीं. त्यांना मरतां आलें नाहीं. त्यांना जगावें लागलें.

सन १६१४ मध्यें तोकुगावा घराण्याच्या राजवटीनें साऱ्या जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली व पाद्र्यांना हांकलून दिलें. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले. सन १६२२ मध्यें नागासाकीस एकाच दिवशीं पंचावन्न जणांना ठार करण्यांत आलें. सन १६३७-३८ मध्यें शिमाबाराच्या शेतकऱ्यांनीं जुलमी करांमुळें व धर्मच्छळामुळें बंड केलें, तें सरकारनें हारा किल्ल्यांत अक्षरशः निपटून काढलें. त्यानंतर पोर्तुगीज जहाजांना बंदर बंद झालें. सन १६४४ मध्यें देशांतला अखेरचा धर्मगुरु, मान्सियो कोनिशी नांवाचा जपानी जेजुइट, मारला गेला. येथपासून आपली खरी गोष्ट सुरू होते.

सरकारची व्यवस्था मोठी चोख होती. प्रत्येक कुटुंबानें कोणत्या तरी बौद्ध मठांत नांव नोंदविलेंच पाहिजे. लग्न, मृत्यु, स्थलांतर सर्व मठाच्या दाखल्यावर. पांच-पांच घरांचा एक गट, आणि एका घरीं ख्रिस्ती सांपडला तर पांचही घरांना शिक्षा. चव्हाट्यावर लांकडी फलक, त्यांवर पाद्री दाखवून देणाऱ्यास किती रुपें मिळेल व साधा ख्रिस्ती दाखवून देणाऱ्यास किती, ह्याचा दर लिहिलेला. आणि नागासाकीच्या मुलुखांत दरवर्षीं नव्या वर्षाच्या आरंभीं ‘फुमिए’. ख्रिस्ताची किंवा त्याच्या मातेची मूर्ति कोरलेला धातूचा पत्रा जमिनीवर ठेवीत, आणि म्हातारा असो, बाळंतीण असो, मूल असो, प्रत्येकानें त्यावर पाय ठेवून पुढें जावयाचें. तान्ह्या मुलांना आया कडेवर घेऊन त्यांचे तळवे टेंकवीत. हा प्रकार एकदां-दोनदां नव्हे, तर सुमारें सन १८५८ पर्यंत चालला.

आतां तुम्ही विचाराल, मग हे लोक काय करीत? बंधुभगिनींनो, ते पाय ठेवीत.

हें वाक्य मीं मुद्दाम थांबून उच्चारलें. आपल्या व्यासपीठांवरून अशा वेळीं वीरश्रीचीं वचनें ऐकूं येतात, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतें कीं आपल्यासारख्या सामान्यांचा ह्या गोष्टींत कांहीं संबंध नाहीं. उराकामीचे लोक सामान्य होते. भात पिकवावा, मासे धरावे, कर भरावा, हेंच त्यांचें जीवन. ते पत्र्यावर पाय ठेवीत, घरीं परत येत आणि दार लावून अनुतापाची प्रार्थना म्हणत. कित्येक रात्र रात्र म्हणत. ही प्रार्थना त्यांना कोठून मिळाली, तें ऐका. सन १६०३ मध्यें, बंदीच्या अकरा वर्षें आधीं, बिशप लुईस सेर्केइरा ह्यांच्या काळांत पूर्ण पश्चात्तापावर एक लहानसें जपानी पुस्तक तयार झालें होतें. पाद्री मिळत नसेल तेव्हां पापी माणसानें केवळ शिक्षेच्या भयानें नव्हे, तर देवाच्या प्रेमास्तव मनापासून अनुताप करावा व पुढें पाद्री भेटतांच कुमसार करण्याचा निश्चय धरावा, म्हणजे देव क्षमा करितो, हा आपल्या पवित्र सभेचा नेहमींचाच उपदेश त्यांत सोप्या भाषेंत सांगितला होता. पोर्तुगीज भाषेंतला शब्द जपानी जिभेवर वळून त्या पुस्तकाचें नांव ‘कोंचिरिसान’ असें पडलें. पाद्री गेले, मंदिरें जळालीं, पण हें पुस्तक हातानें नकलून, आणि जेथें नक्कल नव्हती तेथें तोंडपाठ करून, दोन शतकें टिकलें.

सेमिनरींत आम्ही पूर्ण अनुताप व अपूर्ण अनुताप ह्यांतला भेद परीक्षेपुरता शिकलों. माझ्या पिढीचे बरेच धर्मगुरु हें कबूल करतील. ह्या शेतकऱ्यांना मात्र त्या भेदावर आपल्या मुलाबाळांचें तारण टांगून ठेवावें लागलें. पाय ठेवणें हें पाप आहे, हें त्यांनीं कधींही नाकारलें नाहीं. त्यांनीं तें लहानही केलें नाहीं. जर त्यांना तें क्षुल्लक वाटलें असतें, तर अनुतापाची प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या जपण्याची गरजच पडली नसती. दरवर्षीं पडावयाचें आणि दरवर्षीं उठावयाचें, असा त्यांचा नेम होता. अशा माणसांना भ्याड म्हणणारे कांहीं लेखक आहेत. मी त्यांच्या पंक्तीस बसत नाहीं.

कोणी म्हणेल, फादर, आपल्या पूर्वजांवरही सन १७३९ मध्यें प्रसंग आलाच होता. खरें आहे. चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, पोर्तुगीज अधिकारी व परदेशी पाद्री निघून गेले, मोठमोठीं मंदिरें ओसाड पडलीं. परंतु देशी धर्मगुरु राहिले, मिस्सा चालू राहिली. आपल्या पूर्वजांची निष्ठा मोठी, ह्यांत शंका नाहीं. पण तराजूंत घालतांना वजनें खरीं असावींत. उराकामीस दोनशें वर्षांत एकदांही कोणीं पवित्र होस्तिया पाहिली नाहीं.

मग धर्म टिकला कसा? त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. वाडीवाडींतून तीन प्रकारचे सेवक असत, सर्व प्रापंचिक, सर्व शेतकरी. पहिल्याला ते ‘चोकाता’ म्हणत, म्हणजे पंचांग सांभाळणारा. सन १६३४ च्या सणांच्या पत्रिकेवरून वर्ष मोजून, नाताळ कधीं, उपवासकाळ कोणत्या दिवशीं सुरू होतो, पास्खाचा रविवार कोणता, हें तो काढीत असे. ही पत्रिका बास्तियान नांवाच्या एका धर्मशिक्षकाची, अशी तिकडची परंपरा आहे. पुढें तो रक्तसाक्षी झाला. दुसरा ‘मिझुकाता’, म्हणजे पाण्याचा माणूस, बाप्तिस्मा देणारा. तिसरा ‘किकियाकु’, निरोप पोंचविणारा. ह्या आठवड्यांत कोणता सण, कोणत्या दिवशीं काम करूं नये, कोणत्या दिवशीं मांस खाऊं नये, हें तो घरोघरीं गुपचूप सांगे. मोठी उपदेशपर भाषणें नाहींत, ग्रंथालय नाहीं. पंचांग, पाणी आणि निरोप, एवढ्यावर धर्मग्राम चालला.

त्यांच्या प्रार्थनेला ते ‘ओराशो’ म्हणत. गोमंतकांतल्या जुन्या माणसांच्या तोंडीं ‘ओरासांव’ हा शब्द तुम्हीं ऐकला असेल. दोहोंचें मूळ एकच. आपण ‘क्रूस’ म्हणतों, ते ‘कुरुसु’ म्हणत. आपण ‘नाताळ’ म्हणतों, त्यांच्या जुन्या कागदांत ‘नातारा’ असा शब्द येतो. एकाच काळच्या पाद्र्यांनीं पेरलेलें हें बीं, एक दाणा वसईच्या मातींत पडला आणि एक नागासाकीच्या. आपल्या दाण्याला दोन शतकें पाणी मिळत राहिलें, हाच काय तो फरक.

घरांतल्या देव्हाऱ्यांत ते बौद्धांच्या कान्नोन देवीची मूर्ति ठेवीत. तिच्या मांडीवर मूल असे. शेजाऱ्याला ती कान्नोन, आणि घरच्यांना पवित्र मरिया. कोणी मेलें तर बौद्ध भिक्षूला बोलवावेंच लागे. भिक्षु एका खोलींत मंत्र म्हणत असतां हे दुसऱ्या खोलींत आपली प्रार्थना म्हणत, कीं त्या मंत्रांचा परिणाम मृतात्म्यावर होऊं नये. आज त्या भिक्षूंविषयीं दोन चांगले शब्द बोलणें मला कर्तव्य वाटतें. शेजारच्या खोलींत काय चाललें आहे हें कित्येकांच्या ध्यानांत आलें नसेल, असें मला वाटत नाहीं. सन १८०५ मध्यें आमाकुसा बेटांत पांच हजारांहून अधिक लोक असे छुपे ख्रिस्ती असल्याचें उघडकीस आलें, तेव्हां अधिकाऱ्यांनीं तें ‘भलतेंच कांहीं आचरण’ असें ठरवून, ताकीद देऊन प्रकरण मिटविलें. शेतीं ओस पडूं नयेत हा हेतु त्यांत असेलच. पण थोडी माणुसकीही असावी.

बास्तियानच्या नांवानें एक भविष्यही त्या डोंगरांत सांगितलें जाई. सात पिढ्या गेल्यावर काळ्या मोठ्या जहाजांतून कुमसार ऐकणारे पाद्री परत येतील, आणि मग आठवड्याच्या आठवड्याला कुमसार करतां येईल. लोक पिढ्या मोजीत राहिले. उराकामीचा पहिला चोकाता मागोएमोन, सातवा किचिझो. हा किचिझो सन १८५६ च्या धरपकडींत सांपडला व तुरुंगांतच मेला. सातवी पिढी संपली, आणि पाद्री आले नाहींत, असेंच तेव्हां गांवाला वाटलें असेल.

पण इतक्यांत जपानचीं बंदरें उघडलीं होतीं. नागासाकींत राहणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांसाठीं, केवळ त्यांच्याचसाठीं, मंदिर बांधण्याची परवानगी पॅरिसच्या परदेशीय मिशन संघाला मिळाली. ओउरा येथें तें मंदिर उभें राहिलें व सव्वीस रक्तसाक्षींना अर्पण झालें. पोप नववे पायस ह्यांनीं ह्या सव्वीस जणांना सन १८६२ मध्यें संतपद दिलें होतें, तेव्हां आपला गोन्सालो त्या मंदिराचा आश्रयदाता आहे हें सांगावयास नको. जपान्यांना आंत येण्यास बंदी नव्हती, पण धर्म मानण्यास बंदी होती. लोक ‘फ्रेंचांचा मठ’ पहावयास येत व निघून जात.

सन १८६५ च्या १७ मार्चचा दिवस. शुक्रवार, दुपारची वेळ. फादर बर्नार्ड पेतिजां ह्यांनीं पाहिलें कीं दहा-पंधरा माणसें, बायका व मुलें धरून, दाराशीं घुटमळत आहेत. त्यांनीं दार उघडलें आणि स्वतः वेदीपुढें गुडघे टेंकले. एवढ्यांत तिघीजणी जवळ आल्या. त्यांतली एक मध्यमवयीन बाई, इसाबेलिना युरी, छातीवर हात ठेवून अगदीं हळू आवाजांत म्हणाली कीं आम्हां सर्वांचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि लगेच तिनें विचारलें, सांता मारियेची मूर्ति कोठें आहे? फादरांनीं त्यांना बाजूच्या वेदीपाशीं नेलें. बाळ येशूला घेतलेली ती मूर्ति पाहून त्यांचा बांध फुटला. त्यांनीं सांगितलें, आम्ही नाताळ पाळतों, आणि सध्यां दुःखाचा काळ चालू असून आज त्याचा सतरावा दिवस आहे. फादरांनीं मनांत मोजून पाहिलें असेल. राखेच्या बुधवारपासून तो बरोबर सतरावा दिवस होता. दोनशें एकवीस वर्षें पाद्री नाहीं, आणि उपवासकाळाची तिथि चुकली नाहीं!

पुढें कांहीं आठवड्यांनीं एका बेटावरचा पेद्रो नांवाचा मिझुकाता आला. त्यानें फादरांना दोन गोष्टी तपासून विचारल्या: रोमचे महागुरु कोण, आणि तुम्हांला बायकामुलें आहेत काय? उत्तरें ऐकून त्याचें समाधान झालें. येथें परीक्षा घेणारा शेतकरी होता आणि परीक्षेस बसलेला पाद्री होता, हें लक्षांत घ्या. पाद्र्यांनींही मग त्यांची परीक्षा घेतली; बाप्तिस्म्याचे शब्द कित्येक ठिकाणीं शुद्ध राहिले होते, कित्येक ठिकाणीं ते इतके झिजले होते कीं संस्कार पुनः सशर्त द्यावा लागला.

येथें ही गोष्ट थांबली असती तर फार गोड झाली असती. पण पाद्री भेटले, आणि त्याबरोबर एक नवें संकट आलें. आतां ह्या लोकांना पूर्वीसारखें दोन खोल्यांत जगतां येईना. सन १८६७ मध्यें त्यांनीं मृतांसाठीं भिक्षूला बोलावण्याचें नाकारलें. जुलै महिन्यांत रात्रींच्या वेळीं छापे पडून पुढाऱ्यांना पकडून नेण्यांत आलें. छळापुढें जवळ जवळ सर्वांनीं अंगठा दिला. एकटा ताकागी सेन्‌एमोन नांवाचा मनुष्य राहिला. तो कांहीं मोठा वक्ता नव्हता. उलट गांवांत अबोल व भिडस्त म्हणून ओळखला जाई. अंगठा देऊन सुटलेले घरीं आले, आणि मग त्यांतले बरेच जण होऊन गांवच्या मुखियाकडे गेले व आम्हीं दिलेला शब्द मागें घेतों म्हणाले. पुनः पकडले जाणार हें ठाऊक असतांना! पहिल्या धैर्यापेक्षां हें दुसरें धैर्य मला अधिक कठीण वाटतें.

सन १८६८ मध्यें राजवट बदलली, मेजी सम्राटाचें सरकार आलें, पण बंदीचे फलक तसेच राहिले. नव्या सरकारनें सारें खोरेंच रिकामें केलें. आधीं ११४ प्रमुख पुरुष, आणि सन १८७० च्या आरंभीं बाकीचे सर्व, मिळून ३,३०० हून अधिक माणसें देशभर वीसेक संस्थानांत वांटून दिलीं. ह्या हद्दपारीला त्यांनीं स्वतः ‘ताबी’ असें नांव दिलें, म्हणजे प्रवास. त्सुवानो येथें त्यांना हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांत बुडवीत, आणि तीन फूट लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यांत कोंडीत. यासुतारो नांवाचा तरुण त्या पिंजऱ्यांत मेला. गोतो बेटांवर सुमारें दोनशें माणसांना दोनशें चौरस फुटांच्या आसपास असलेल्या एका खोपटांत आठ महिने कोंडलें; माणसामागें एक चौरस फूट जागा. चाळीसांवर मेलीं, त्यांत लहान मुलें पुष्कळ. उराकामीच्या हद्दपारांपैकीं ६०० हून अधिक परत आले नाहींत. हजाराच्या आसपास माणसांनीं छळामुळें धर्म सोडल्याचें कबूल केलें. हाही आंकडा मी लपवून ठेवीत नाहीं. त्यांतलेही पुष्कळ पुढें परत आले.

युरोप व अमेरिकेंत फिरणाऱ्या जपानी वकिलातीला ठिकठिकाणीं ह्या छळाबद्दल जाब विचारला गेला, आणि सन १८७३ च्या फेब्रुवारींत ते फलक उतरविण्यांत आले. लोक परत आले, तों घरें पडलेलीं, शेतें रानानें भरलेलीं, भांडीं-औतें नाहींशीं झालेलीं. फुटक्या खापऱ्यांनीं त्यांनीं जमीन उकरली असें सांगतात. पुढच्याच वर्षीं हगवणीची सांथ आली. तेव्हां फादर द रो ह्यांच्या हाताखालीं इवानागा माकी व तिच्या मैत्रिणी रोग्यांची शुश्रूषा करावयास निघाल्या. माकी स्वतः हद्दपारींतून परतलेली, पंचविशींतली मुलगी. तिनें एक पोरकें मूल उचलून घरीं आणलें, मग दुसरें, मग तिसरें. त्यांतून अनाथालय उभें राहिलें आणि सेवाव्रती भगिनींचा एक संघही.

आणि मंदिर? सन १८८० मध्यें त्यांनीं पै-पै जमवून एक जागा विकत घेतली. ती जागा होती गांवच्या मुखियाच्या वाड्याची. ज्या वाड्यांत दरवर्षीं त्यांच्या आज्या-पणज्यांना पत्र्यावर पाय ठेवावयास लावीत, तीच. त्याच भूमीवर सन १८९५ मध्यें बांधकाम सुरू झालें व सन १९१४ मध्यें पुरें झालें. विटा वाहणारे स्वतः धर्मग्रामींच होते. पूर्व आशियांतल्या सर्वांत मोठ्या मंदिरांत त्याची गणना होई.

सन १९४५ च्या ९ ऑगस्ट रोजीं सकाळीं अकरा वाजून दोन मिनिटांनीं त्या मंदिरापासून सुमारें पांचशें मीटरांवर आकाशांत अणुबाँब फुटला. मंदिरांत त्या वेळीं मरियेच्या सणाच्या तयारीसाठीं कुमसार चालू होता. कुमसार ऐकणारे दोघे पाद्री व कुमसार करावयास आलेले सर्व जागींच मेले. बारा हजार धर्मग्रामींपैकीं सुमारें साडेआठ हजार गेले. अडीचशें वर्षांच्या सरकारी बंदीला जें साधलें नाहीं, तें कांहीं क्षणांत झालें; आणि तेंही ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशाच्या हातून. ह्यावर भाष्य करण्यास माझ्यापाशीं शब्द नाहींत.

तेथील डॉक्टर ताकाशी नागाई ह्यांचें नांव तुमच्यांपैकीं कांहींनीं ऐकलें असेल. त्यांची पत्नी मिदोरी ही त्याच चोकाता घराण्यांतली. घराच्या राखेंत त्यांना तिचीं हाडें सांपडलीं आणि त्यांजवळ वितळलेली जपमाळ. नोव्हेंबरांत भग्न मंदिरापुढें झालेल्या मृतांच्या मिस्सेच्या वेळीं त्यांनीं आपल्या भाषणांत ह्या मृत्यूंना देवाला वाहिलेला होम म्हटलें. ह्या विचाराशीं जपानांतल्या सर्व ख्रिस्ती लोकांचें एकमत झालेलें नाहीं, आणि मीही तो दुसऱ्या कोणाच्या दुःखावर लावावयास धजणार नाहीं. ज्याच्या हातांत ती वितळलेली जपमाळ होती, त्यालाच तसें बोलण्याचा अधिकार. त्याच वर्षीं डिसेंबरांत तरुणांनीं ढिगाऱ्याखालून दोहोंपैकीं एक घंटा शाबूत काढली, लांकडाच्या तिकाटण्यावर टांगली आणि नाताळच्या रात्रीं वाजविली. मंदिर सन १९५९ मध्यें पुनः बांधलें गेलें. पोप दुसरे जॉन पॉल सन १९८१ मध्यें व पोप फ्रान्सिस सन २०१९ मध्यें नागासाकीस जाऊन आले. आणि ह्या छुप्या ख्रिस्ती लोकांच्या बारा स्थळांना सन २०१८ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पाद्री परत आल्यावर सर्वच छुपे ख्रिस्ती पवित्र सभेंत परत आले नाहींत. इकित्सुकी बेटावर आणि इतरत्र पुष्कळ घरांनीं आपला आजोबांपासून आलेला ओराशो आणि देव्हारा सोडला नाहीं. आज अशीं घरें फार थोडीं उरलीं आहेत. तरुण मंडळी शहरांत जातात आणि म्हणावयास माणूस उरत नाहीं. पूर्वीं आमच्यांतले कांहीं जण त्यांच्याविषयीं कडक बोलत. मला तसें बोलवत नाहीं. ज्या प्रार्थनेसाठीं आजोबांनीं जीव धोक्यांत घातला, ती अमुक शब्दांत चुकीची आहे असें एका परक्या माणसानें येऊन सांगावें, आणि त्यांनीं ती टाकून द्यावी, ही अपेक्षा करणें सोपें. ती पुरी करणें सोपें नव्हे.

मंदिराची दुसरी घंटा बाँबनें चुराडा झाली होती. तिच्या जागीं अमेरिकेंतल्या कॅथलिक लोकांनीं वर्गणी काढून नवी घंटा करून दिली. सन २०२५ च्या ९ ऑगस्ट रोजीं, बरोबर अकरा वाजून दोन मिनिटांनीं, ऐंशीं वर्षांनंतर प्रथमच दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

शेवटीं एक सूचना, म्हणजे माझें भाषण संपलें. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहांत, मरणाच्या दारीं असलेल्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला पाद्री मिळत नसल्यास बाप्तिस्मा कसा द्यावा, पाणी कसें ओतावें व शब्द कोणते म्हणावे, हें शिकविण्यांत येईल. आपल्या धर्मग्रामांतल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांनीं तर यावेंच. पण प्रत्येक घरांतून निदान एका माणसानें यावें. अनुतापाची प्रार्थना ज्यांना पाठ येत नसेल, त्यांनाही त्याच वेळीं ती लिहून देण्यांत येईल. वर्ग अर्ध्या तासाचा आहे.